आधी पाणी, मग औषध

पुणे जिल्ह्यातल्या राहू गावाच्या एका अंगाला मुळा-मुठा वाहते, दुसऱ्या अंगाला भीमा. या दोन नद्यांमधल्या पट्ट्याला लोक राहू बेट म्हणतात. थोडं खाली, शिरूर तालुक्याच्या हद्दीला लागून, रांजणगाव सांडसजवळ दोन्ही नद्या एक होतात. काळी जमीन आणि हाताशी पाणी, म्हणून इथं ऊस. ऊस आहे म्हणून गुऱ्हाळं. पण मुळा-मुठा इथवर पोचते ती सगळं पुणं ओलांडून. शहराच्या सांडपाण्याचा मोठा वाटा नीट शुद्ध न होताच तिच्यात येतो, आणि उन्हाळ्यात पात्रावर जलपर्णीची हिरवी गादी पसरते. काठच्या विहिरींना पाझर याच नदीचा. त्यामुळे इथल्या लहान मुलांच्या पोटाची गोष्ट सांगायची तर सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते, आणि ती संपतेही पाण्यापाशीच.

पावसाळ्याच्या तोंडाशी गावोगावच्या आशाताईंना रात्री-अपरात्री एक ठरावीक फोन येतो. पलीकडून आई विचारते, "ताई, सकाळपासनं आठ वेळा झाली त्याला. सलाईन लावावं लागंल का?" अनुभवी आशाताई सलाईनचं उत्तर लगेच देत नाही. ती उलट विचारते, "शू कधी केली त्यानं? पाणी पितोय का? शीत रक्त आहे का?" या तीन प्रश्नांमध्ये अतिसाराच्या उपचाराचा बहुतेक भाग येऊन जातो. पहिले दोन प्रश्न शोष किती पडलाय ते सांगतात. तिसरा प्रश्न जंतूंबद्दल आहे, आणि तो तिसराच असावा. घरात मात्र क्रम नेमका उलटा लागतो. आधी "जंतू मारायचं औषध" आणलं जातं, आणि पाणी पाजलं की जुलाब वाढतात म्हणून पाणीच तोडलं जातं. मुलं दगावतात ती बहुतांशी या उलट्या क्रमामुळे.

थोडा हिशोब करू. दहा किलो वजनाचं, साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं मूल घ्या. त्याच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं की डोळे खोल दिसू लागतात, मूल चिडचिडं होतं, पाणी दिसलं की हपापून पितं. एक लिटर गेलं की जिवावर बेततं. एक लिटर म्हणजे बाजारातली पाण्याची एक बाटली. मोठ्या माणसाला जे नुसत्या थकव्यावर निभावतं, ते लहानग्याला एका दिवसात आडवं करतं. आपल्याकडे आज्या 'टाळू खोल गेली' म्हणून घाबरतात. त्यांचं निरीक्षण अचूक असतं. चूक होते ती पुढं, टाळूवर तेल थापण्यात किंवा बेंबी सरकली म्हणून पोट चोळण्यात. टाळू खोल गेली याचा अर्थ अंगातलं पाणी आटलं, आणि ते तोंडावाटेच परत भरायचं असतं.

शोष ओळखण्याची आणखी एक साधी खूण आहे. बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट झाली तर ठीक. हळू बसली तर शोष पडलाय. दोन सेकंदांहून जास्त वेळ वळी तशीच राहिली, मूल मलूल पडलं, पाणी पिण्याइतकीही शुद्ध राहिली नाही, तर हे घरचं काम नाही. तिथं शिरेतून सलाईन लागतं, आणि तेही तासाभराच्या आत. राहूचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा यवतचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठायचं. वाटेतही, मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर, चमच्याचमच्यानं पाजत राहायचं.

अशी वेळ येण्याआधी जे करता येतं ते विलक्षण साधं आहे, आणि त्यामागचं शास्त्र मला फार सुंदर वाटतं. जुलाब लागलेल्या आतड्यात नुसतं पाणी घातलं तर ते फारसं शोषलं जात नाही. नुसतं मीठ घातलं तरी तेच. पण आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की त्यातून मीठ आणि साखर जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत ही कल्पना मांडली. पटकीचे जंतू आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर काढतात, तेव्हाही हे दार शाबूत असतं. म्हणजे आजार चालू असतानाच पाणी परत आत घालता येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजायला लावलं. तिथला मृत्युदर सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आला. आज आपल्याला ओआरएसची पुडी म्हणून जी गोष्ट सहज मिळते, तिच्यावर जगाचा विश्वास बसायला ही छावणी मोठं कारण ठरली.

त्यानंतरची गोष्ट राहूच्या माणसाला जवळची वाटेल. १९८० पासून बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत फिरल्या. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत त्यांनी एक कोटीहून जास्त घरं गाठली. साखर महाग होती, पुड्या खेड्यात पोचत नव्हत्या, पण गूळ प्रत्येक घरात होता. आपल्या बेटात गुळाला तोटा नाही. दुकान बंद आहे, पुडी नाही, रात्र आहे, अशा वेळी चुलीशेजारच्या डब्यातला गूळ कामाला येतो हे इथल्या प्रत्येक आईला माहीत असायला हवं. मोजमाप हवं असेल तर साखरेचं धरा: एक लिटर पिण्याचं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ. पाजण्याआधी स्वतः चाखून पाहावं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरतं.

तरीही पुडी मिळत असेल तर पुडीच. तिच्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं, जे घरच्या पाण्यात पुरेसं नसतं. मोठ्या पुडीचं वजन साडेवीस ग्रॅम असतं आणि ती अख्खी एक लिटर पाण्यात घालायची असते. अर्धी पुडी आत्ता, अर्धी नंतर, किंवा पेल्यात थोडीथोडी, असं केलं की प्रमाण बिघडतं. लहान पुडी २०० मिलिलिटरची येते, म्हणून पाकिटावरचं वाचूनच पाणी घ्यावं. तांब्याचा अंदाज नको; एक लिटरची रिकामी बाटली धुऊन मापाला ठेवावी. कालवलेलं पाणी उकळायचं नाही आणि चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. दुकानात फळांच्या चवीची, ओआरएस असं नाव मिरवणारी गोड पेयंही दिसत. त्यांत साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या लेबलवर हा शब्द वापरायला मनाई केली. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला. त्याहून मोठ्याला १०० ते २००. शोष दिसू लागला असेल तर चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर. आपल्या दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर, आरोग्य केंद्रात नजरेखाली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबावं आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. हा चमचा कंटाळवाणा असतो. पहाटेपर्यंत मांडीवर मूल घेऊन चमचा धरून बसलेल्या आईचा हात अवघडतो. पण आजी, आत्या, बाप अशी पाळी लावली तर निभावतं. सलाईनची बाटली लावून मिळणारं समाधान चमच्यात नसतं, म्हणून लोक दवाखान्यात हट्ट धरतात. गिळू शकणाऱ्या मुलाला चमच्यानंही तेच मिळतं, सुई न टोचता.

अंगावरचं दूध कधीही बंद करू नये. मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, जे रोज खातं ते चालू ठेवावं. आजार गेल्यावर दोन आठवडे रोज एक जादा वेळ खायला घालावं. या सगळ्याबरोबर झिंकची गोळी: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला निम्मी, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबतात आणि उरलेल्या दहा गोळ्या फळीवर पडून राहतात. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत मूल पुन्हा आजारी पडू नये म्हणून त्या गोळ्यांचा उपयोग असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अतिसार झालेल्या भारतीय मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक मात्र ३१ टक्क्यांनाही नाही.

आता जंतूंकडे वळू. मुलांच्या पातळ जुलाबांचं कारण पुष्कळदा जंतू नसून विषाणू असतो, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. जे जंतू आहेत त्यांतलेही सगळे सारखे नाहीत. ई. कोलायच्या काही जाती आतड्याच्या भिंतीला चिकटून विष सोडतात. जुलाब पाण्यासारखे होतात आणि बहुतेक मुलं पाणी-मिठावरच बरी होतात. पटकीचंही जातकुळीनं तसंच, फक्त लोंढा भयंकर. तिथं पाण्याबरोबर प्रतिजैविकही द्यावं लागतं. टायफॉइड नसलेला साधा साल्मोनेला धट्ट्याकट्ट्या मुलात आपोआप जातो. प्रतिजैविक दिलं तर तो जंतू शीतून उलट जास्त दिवस बाहेर पडत राहू शकतो. तीन महिन्यांखालचं बाळ, कुपोषित मूल, प्रतिकारशक्ती खचलेलं मूल, यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात जंतू रक्तात उतरण्याची भीती असते.

आणि मग येतो शिगेला, ज्याच्यामुळे आव पडते. ताप, मुरडा, पुन्हापुन्हा बसावंसं वाटणं, थोडीथोडी शेंबडासारखी शी आणि तिच्यात रक्त. शिगेला आतड्याच्या भिंतीत शिरतो, पेशी फोडतो. आशिया आणि आफ्रिकेतल्या सात ठिकाणी, त्यांत कोलकाताही होतं, मध्यम ते तीव्र अतिसार झालेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातले जुने नमुने २०१६ मध्ये नव्या, जास्त बारीक चाचणीनं पुन्हा तपासले, तेव्हा शिगेला आधी वाटला होता त्याहून कितीतरी जास्त सापडला. त्याचं आणखी एक वैशिष्ट्य: रोग व्हायला दहा ते शंभर जंतूही पुरतात. पटकीला लाखो लागतात. म्हणून आव पाण्यातून पसरते तशीच न धुतलेल्या हातातून, माशीच्या पायातून, एकाच ताटात जेवणाऱ्या भावंडांतूनही पसरते. मुलाची शी काढल्यावर आणि घास भरवण्याआधी साबणानं हात धुणं इथं थेट औषधासारखं काम करतं.

शीत डोळ्यांनी दिसेल असं रक्त असेल तर प्रतिजैविक लागतं, आणि ते डॉक्टरांनी निवडलेलं, वजनावर मोजलेलं, पूर्ण दिवसांचं लागतं. कधीकाळी जी औषधं आवेवर हमखास चालत, त्यांना आपल्या भागातला शिगेला पुरता सरावला आहे. नॅलिडिक्सिक ॲसिड गेलं, पाठोपाठ सिप्रोफ्लॉक्सासिनचाही भरवसा कमी झाला. आता सेफिक्झिम, सेफ्ट्रिऍक्झोन किंवा ॲझिथ्रोमायसिन यांतलं काय द्यायचं हे त्या भागातल्या प्रतिकारावर ठरतं. औषध लागू पडलं तर दोन दिवसांत ताप उतरतो, रक्त कमी होतं, मूल खायला मागतं. तसं झालं नाही तर वाट न पाहता पुन्हा दाखवावं. औषध बदलायची वेळ आलेली असते. शेजारच्या मुलाच्या बाटलीतलं उरलेलं औषध देऊ नये, मेडिकलवाल्याला विचारून तर अजिबात नको. असं अर्धवट औषध प्यायलेल्या प्रत्येक मुलागणिक जंतू थोडा जास्त निगरगट्ट होतो, आणि त्याची किंमत वस्तीतलं पुढचं मूल मोजतं.

एक गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर थांबावंच लागेल. रक्त दिसलं की 'अमिबा' म्हणायचं आणि मेट्रोनिडॅझोल सुरू करायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. लहान मुलांच्या रक्ती आवेत अमिबा क्वचित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तो तीन टक्क्यांहून कमी धरला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी गिळलेला जिवंत अमिबा दिसला, किंवा शिगेलावरची दोन औषधं लागोपाठ फसली, तरच त्याच्यामागे जावं. नाहीतर खऱ्या शत्रूवरचे दोन-तीन दिवस वाया जातात.

रक्त दिसलं म्हणजे दर वेळी आवच असंही नाही. वर्षाखालचं गुटगुटीत बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पांढरंफटक पडतं, थोडं शांत होतं, पुन्हा किंचाळतं, आणि नंतर जेलीसारखी लाल शी करतं, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तिथं तासाला किंमत आहे. थेट मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं. तसंच आव ओसरताना मूल फिकट पडलं, लघवी कमी झाली, अंगावर सूज आली, तर मूत्रपिंडाला इजा झाली असावी, अशी शंका घेऊन लगेच दाखवावं. आणि जुलाब 'बांधून टाकणारी' मोठ्यांची गोळी, लोपेरामाइड, मुलांना कधीच नाही. तिनं आतडं जागीच थिजतं, पोट फुगतं, जंतू आत कोंडले जातात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला जुलाबाच्याच आणखी एका जंतूनं जागं केलं. सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात माणसांचे पाय लुळे पडू लागले. नाव होतं गियाँ-बारे सिंड्रोम. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि त्यांत मुलंही होती. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या शीच्या नमुन्यांपैकी अनेकांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. या जंतूचं आवरण आपल्या नसांवरच्या काही रेणूंशी मिळतंजुळतं असतं. त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्या नसांवर हल्ला करतं. हे क्वचित घडतं, कॅम्पिलोबॅक्टरच्या हजारेक रुग्णांत एखाद्याला. पण जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत मुलाला चालताना लटपटायला झालं, जिना चढवेना, तर ते 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नये. ही साथ खडकवासल्याच्या अंगाला झाली, मुठेच्या वरच्या टोकाला. राहू तिच्या खालच्या टोकाला आहे.

भीमेच्या काठानं वर गेलं की शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथं एक ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. डॉक्टर गावात पोचत नाही, तर गावातल्याच बाईला शिकवू, हा त्यांचा विचार. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी बाळाचं वजन घ्यायला, शोष ओळखायला, कुणाला कधी पुढं पाठवायचं ते ठरवायला शिकून घेतलं. १९९३ मध्ये कोयाजींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजची आशाताई रात्री फोनवर जे विचारते त्याची मुळं अशा प्रकल्पांत आहेत. पुढं याच वढूच्या परिसरातल्या आयांनी आणखी एक मोठं काम केलं. भारतात बनलेल्या रोटाव्हॅक लशीची अखेरची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी झाली. तिन्ही मिळून ६,७९९ बाळं होती. तीव्र रोटाव्हायरस अतिसार निम्म्याहून थोडा जास्त कमी झाला. शंभर टक्के नाही. पण दरवर्षी ज्या आजारानं हजारो मुलं रुग्णालयात येतात त्यातला निम्मा जरी टळला तरी केवढं तरी झालं. २०१९ मध्ये रोटाव्हायरसची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आली: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, तोंडावाटे, फुकट. रोटा हा विषाणू आहे, जंतू नाही, तरी त्याची गोष्ट इथं हवीच. तो टळला की प्रतिजैविकांच्या फुकट बाटल्याही टळतात. जंतूंपैकी टायफॉइडवर चांगली लस आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं लाखाहून अधिक मुलांना ती देऊन देशातली पहिली सार्वजनिक मोहीम राबवली. शिगेलावर मात्र बाजारात अजून लस नाही.

राहू बेटात दिवाळीनंतर बाहेरून माणसं येतात. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गुऱ्हाळांवर परराज्यातले मजूर येतात. कोप्यांमध्ये, फडाच्या कडेला, इंजिनाच्या आवाजात त्यांची मुलं वाढतात. त्यांचं पाणी जवळच्या विहिरीचं किंवा पाटाचं, ग्रामपंचायतीच्या टाकीचा नळ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बाळाची पहिली रोटा लस मूळ गावी झालेली असते, दुसरीच्या वेळी घर हललेलं असतं. ती लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते, फक्त आईनं कार्ड जवळ ठेवायला हवं आणि कुणीतरी कोपीपर्यंत जायला हवं. गुऱ्हाळमालकानं एवढं करावं: प्यायच्या पाण्याचं पिंप झाकलेलं, त्याला खाली तोटी, त्यात मापानं क्लोरीन.

क्लोरीनचं माप अवघड नाही. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत ओतून, अर्धा तास थांबून. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं आणि पांढरी भुकटी तेवढी उरते. साथी येतात त्या पुष्कळदा अशाच गावांत, जिथं पावडर 'टाकलेली' असते. म्हणून टाकीपाशी तपासून उपयोग नाही. ओटी चाचणीची बाटली घेऊन जलसुरक्षकानं वस्तीच्या शेवटच्या नळाशी जावं, नळ थोडा वाहू द्यावा, पाणी भरून थेंब टाकावेत. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचलंय. रंग आला नाही तर त्या नळाचं पाणी त्या दिवशी उकळूनच मुलांना द्यायचं, आणि जलवाहिनी कुठं गटाराशेजारून जाते ते त्याच दुपारी शोधायला निघायचं.